पुसण्यासाठी रेखलेली चित्रे

कलाकृतीची परीक्षा करताना ती टिकण्यासाठीच निर्माण झालेली आहे, असे आपण नकळत गृहीत धरतो. पाषाणमूर्ती असो, देवळाचा कोरीव खांब असो, अथवा सभामंडपाच्या भिंतीवरील जुने चित्र असो. काळाशी त्या कृतीने किती झुंज दिली, हे तिच्या थोरवीचे एक माप होऊन बसते. धर्मविधीच्या आश्रयाने वाढलेल्या हस्तकलांमध्ये मात्र अशी एक मोठी जात आहे की तिला हे माप लागूच पडत नाही. ती कृती कितीही परिश्रमाने सिद्ध केलेली असली, तरी ती पूर्ण होते ती पुसली गेल्यावर. तोवर ती अर्धीच असते.

या जातीच्या दोन परंपरांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. एक अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो आदिवासींची वाळूचित्रे आणि दुसरी तिबेटी बौद्धांची रंगीत वाळूची मंडले. या दोहोंचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. मध्ये अवघा महासागर आहे. तरीही दोहोंची आज एकाच बाजारात गाठ पडते. ‘हस्तनिर्मित’ आणि ‘पवित्र’ अशा दोन विशेषणांची चिठ्ठी लावून जगभरच्या आदिवासींच्या आणि बौद्धांच्या विधीवस्तू विकल्या जातात, आणि गोव्याच्या किनारपट्टीवरील बाजारांतही त्या मांडलेल्या दिसतात. ही दोन विशेषणे एकत्र आली की गिऱ्हाइकाचे समाधान होते. समीक्षकाचे ते होऊ नये.

आपल्यास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कल्याणीच्या चालुक्यवंशातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्राचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत धूलिचित्राला स्वतंत्र स्थान आहे. ‘रांगोळी’ हा आपला शब्दच मुळी ‘रंगावली’वरून आलेला. केरळातील भगवतीच्या स्थानांत पाच रंगांच्या चूर्णांनी देवीचे ‘कळम’ रेखतात आणि विधीच्या अखेरीस ते मोडून टाकतात. तिबेटी परंपरेचा प्रवाह तर मुळात याच भूमीतून गेलेला आहे. विक्रमशिला विहाराचे आचार्य अभयाकरगुप्त यांनी ‘वज्रावली’ या संस्कृत ग्रंथात मंडलविधीचे साद्यंत वर्णन केले, ते इसवी सन ११०० च्या आगेमागे. भूमीची याचना, सूत्रपात म्हणजे दोरीने रेषा पाडणे, आणि मग रंगीत चूर्णांची योजना, हा त्यातील क्रम तिबेटने जपला. पुढे १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले आणि १९६६ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड येथे त्यांची वसाहत झाली. जुन्या डेपुंग आणि गान्देन या महाविहारांची पुनःस्थापना तेथेच झालेली आहे. बेळगाव, धारवाड आणि गोवा येथील वाचकांना हे स्थळ दूरचे नाही.

प्रथम नवाहोंकडे वळू. हे लोक स्वतःस ‘दिने’ म्हणवितात. त्यांच्या समजुतीप्रमाणे व्याधी म्हणजे केवळ शरीराचा बिघाड नसून मनुष्य आणि सृष्टी यांच्यातील सुसंवाद ढळल्याचे ते चिन्ह असते. या सुसंवादाला त्यांच्या भाषेत ‘होझो’ म्हणतात. सौंदर्य, स्वास्थ्य आणि समतोल या तिन्ही कल्पना त्या एका शब्दात सामावलेल्या आहेत. तो सुसंवाद पुनः जुळवून आणण्यासाठी ‘हताली’ म्हणजे गायक-वैद्य अनेक रात्री चालणारे गायनविधी करतो. ‘नाइट चँट’ या नावाने जगाला परिचित झालेला विधी नऊ रात्रींचा असतो. या विधींच्या ओघात ‘होगन’ या निवासाच्या मातीच्या जमिनीवर वाळूचे चित्र रेखले जाते. त्यासाठीच्या नवाहो शब्दाचा अर्थ ‘देव येतात आणि जातात ते ठिकाण’ असा सांगतात. आपल्या चित्रकलेच्या परिभाषेत इतका नेमका शब्द क्वचितच आढळेल.

कुटलेले रंगीत वालुकाश्म, कोळसा, गेरू, मक्याचे पीठ, फुलांचे पराग ही या चित्राची सामग्री होय. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ती सोडावयाची असते. गायक-वैद्य सूचना देतो आणि त्याचे अनेक सहायक मध्यापासून बाहेर रेखीत जातात. चित्र फूट-दोन फुटांचे असते, तसे वीस फुटांपर्यंतही वाढते. तीन बाजूंनी इंद्रधनुष्याची संरक्षक आकृती आणि पूर्वेची बाजू मोकळी, अशी त्याची सामान्य मांडणी असते. रेष चुकली तर ती खरडून काढीत नाहीत. जमिनीच्या रंगाची वाळू वर पसरून ती झाकतात व पुनः रेखतात. चित्र सिद्ध झाले म्हणजे रुग्णाला त्याच्यावर बसवितात. चित्रातील देवतेच्या पायाची वाळू रुग्णाच्या पायाला, हाताची हाताला, मस्तकाची मस्तकाला लावली जाते. एवढे होईतो चित्र बरेचसे विसकटलेले असते. उरलेले गोळा करून बाहेर नेऊन टाकतात. दिवसा काढलेले चित्र सूर्यास्तापूर्वी गेले पाहिजे, असा नियम आहे.

वॉशिंग्टन मॅथ्यूज या लष्करी डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विधींची नोंद केली आणि १९०२ साली ‘नाइट चँट’वरील त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला विशेष नवल वाटले ते याचे, की इतक्या गुंतागुंतीच्या चित्रांची एकही प्रत या लोकांजवळ नव्हती. सारे आराखडे गायकांच्या स्मरणात होते.

तिबेटी मंडलाची प्रकृती याहून शास्त्रीय आहे. तिबेटी भाषेत त्याला ‘दुल-त्सोन-क्यिलखोर’, म्हणजे रंगचूर्णाचे मंडल म्हणतात; संस्कृतात त्याचे नाव रजोमंडल. एका चौथऱ्यावर प्रथम सूत्राने अक्ष व कर्ण पाडून चार द्वारांच्या देवप्रासादाचा आराखडा काढतात. सामान्यतः चार भिक्षू चार दिशांना बसतात व मध्यापासून बाहेर भरीत येतात. ‘चाकपुर’ नावाची धातूची निमुळती नळी असते. तिच्या अंगावरील खाचांवरून दुसरी कांडी घासली की त्या कंपाने वाळूचे कण एकेक करून, एखाद्या द्रवाच्या धारेसारखे, टोकातून उतरतात. कालचक्र मंडलात ७२२ देवतांचा निवास मानलेला आहे. त्यांपैकी बहुतेकांचे स्थान एखाद्या बिंदूने किंवा बीजाक्षराने दाखवितात, आणि ते रेखणाऱ्याला देवतेचे नाव, वर्ण व दिशा मुखोद्गत असावी लागते.

हे मंडल सजावटीसाठी नसते. शिष्याला अभिषेक, म्हणजे दीक्षा, द्यावयाची ती या प्रासादात त्याचा प्रवेश करवून. विधी संपला की देवतांना निरोप दिला जातो; आचार्य वज्राने मंडलाच्या मुख्य रेषा छेदतात; मग सारी वाळू मध्याकडे झाडून कलशात भरतात आणि वाहत्या पाण्यात नागांना अर्पण करतात. प्राणप्रतिष्ठा, पूजा, उत्तरपूजा आणि विसर्जन ही चवथीची चौकट ज्याच्या अंगवळणी पडलेली आहे, त्या गोमंतकीय वाचकाला याचे विवरण करून सांगण्याची गरज नाही.

या दोन चित्रपरंपरांची समीक्षा करावयाची तर पुसून टाकण्याच्या क्रियेला कलेबाहेर ठेवून चालणार नाही. चित्र एक आणि ते मोडण्याचा विधी दुसरा, अशी विभागणी पाहणाऱ्याच्या सोयीची आहे. कारागिराच्या दृष्टीने ती खोटी आहे. पुसणे ठरलेले असते म्हणूनच हात एका विशिष्ट रीतीने चालतो. वाळूला कोणताही डिंक लावलेला नसतो, म्हणून रेषेला धार येते. ती एका कणाच्या उंचीने जमिनीवर उभी राहते आणि बाजूने पाहिल्यास तिची सावली पडते. नवाहो चित्र एका दिवसात संपवावयाचे असते, म्हणून त्यात अडखळण्याला वाव नसतो. आणि प्रत जवळ नसल्यामुळे प्रत्येक वेळी ते पहिल्यापासून आठवावे लागते. जे टिकते त्याची नक्कल करता येते. जे टिकत नाही ते शिकावेच लागते. पुसण्यात नाश आहे तसे अध्यापनही आहे. प्रत्येक नवे चित्र ही मागच्या पिढीने पुढच्या पिढीची घेतलेली परीक्षाच असते.

अशी कला संग्रहालयात आणि बाजारात गेली म्हणजे तिचे काय होते, या प्रश्नाचा इतिहास उपलब्ध आहे आणि तो उद्बोधक आहे.

नवाहोंमध्ये या वळणावर उभी असलेली व्यक्ती म्हणजे हॉस्टीन क्ला (१८६७–१९३७). क्ला हा नामांकित गायक-वैद्य होता आणि निष्णात विणकरही होता. १९१९ च्या सुमारास त्याने वाळूचित्रातील आकृती गालिच्यात विणावयास घेतली. इतर गायक-वैद्यांनी त्यावर तीव्र हरकत घेतली. जे सूर्यास्तापूर्वी गेले पाहिजे ते लोकरीत कायमचे बांधून ठेवणे हा त्यांच्या दृष्टीने अपराध होता आणि त्यापासून विणणाऱ्याला व साऱ्या समाजाला अपाय होईल, अशी त्यांना भीती वाटत होती. क्ला मागे सरला नाही. पुढे मेरी कॅबट व्हीलराइट या विदुषीच्या सहकार्याने सँटा फे येथे नवाहो विधीकलेचे संग्रहालय उभे राहिले, ते १९३७ साली, क्लाच्या मृत्यूच्याच वर्षी. फ्रँक न्यूकम या बाईंनी, ज्यांनी विधी पाहून परतल्यावर केवळ स्मरणाने शेकडो वाळूचित्रांच्या प्रती केल्या, १९६४ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले.

क्लाचे हे गालिचे विणकामाचे असामान्य नमुने आहेत याविषयी दुमत होऊ नये. पार्श्वभूमीला त्याने वाळूच्याच रंगाची लोकर योजिली. आकृतींचे प्रमाण आणि त्यांच्यामधील मोकळी जागा यांचा तोल त्याने कोठेही ढळू दिलेला नाही. तथापि वाळूतील कर्णरेषा मागावर उतरली की तिला पायऱ्या पडतात. वाळूत ती चिमटीतून सलग उतरलेली असते, लोकरीत ती धाग्याधाग्याने चढावी लागते. त्याहून महत्त्वाचा फरक असा, की गालिचा भिंतीवर उभा लटकतो. मूळ चित्रात मनुष्य मध्यावर बसतो, देवता त्याच्या चहूकडे असतात आणि पूर्वेकडून त्या येतात. भिंतीवर ते सारे समोरून पाहावयाचे दृश्य बनते. ‘देव येतात आणि जातात ते ठिकाण’ येथे उरत नाही. देव आलेले दिसतात, पण त्यांना जाता येत नाही. म्हणून क्लाच्या कृतींना श्रेष्ठ लेख म्हणावे, विद्येचे जतन म्हणावे. विधीचित्र म्हणू नये. आपली विद्या आपल्याबरोबर लोपेल अशी भीती असलेल्या वृद्ध आचार्याने घेतलेला तो निर्णय होता. त्याचा आदर करावा. त्याला नियम मानू नये.

नियम घालून दिला तो पुढच्या, नाव नसलेल्या कारागिरांनी. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडी फळीवर सरस लावून त्यावर वाळू बसविण्याची युक्ती रूढ झाली आणि वाळूचित्र ही विक्रीची वस्तू झाली. या स्थित्यंतराचा नॅन्सी परेझो यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर अभ्यास केलेला आहे. विक्रीसाठीच्या चित्रांत कारागीर हेतुपुरस्सर बदल करतात, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. एखादा रंग उलटा लावावयाचा, एखादी आकृती गाळावयाची, एखादे चिन्ह भलतीकडे ठेवावयाचे. म्हणजे ते चित्र देवतांना आवाहन करणारे राहत नाही आणि विकणाऱ्याला दोष लागत नाही. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा माल सदोष ठरेल. समीक्षकाने मात्र याकडे निराळ्या नजरेने पाहावे. तो बदल ही कारागिराची सहीच आहे. ‘हे माझ्या हातचे आहे, पण ते नव्हे,’ असे ती सही सांगते. मूळ आराखड्याशी तंतोतंत जुळणाऱ्या एखाद्या छापील चित्रापेक्षा हे जाणूनबुजून अपुरे ठेवलेले चित्र अधिक प्रामाणिक आहे, असे मला वाटते.

तिबेटी भिक्षूंनी निराळा मार्ग पत्करला. १९८८ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयात नामग्याल विहाराच्या भिक्षूंनी, दलाई लामांच्या अनुमतीने, कालचक्राचे वालुकामंडल प्रेक्षकांसमक्ष रेखले. तोवर जे दीक्षितांसाठी होते ते अशा रीतीने सर्वांच्या नजरेस पडले. तेव्हापासून अनेक विहारांचे भिक्षू देशोदेशी मंडले रेखीत फिरतात. मुंडगोडच्या डेपुंग लोसेलिंग विहाराचे भिक्षूही त्यांत आहेत. या मंडलांत काहीही गाळलेले नसते. द्वारे, देवता, वर्ण, दिशा, सर्व शास्त्राप्रमाणे असते. मात्र अखेरीस ते मोडलेच जाते.

यातही उणे नाही असे नव्हे. अभिषेकाचा शिष्य नसता मंडल रेखावयाचे म्हणजे यजमानावाचून यज्ञवेदी रचण्यासारखे आहे. विसर्जनाची वेळ आधी जाहीर केलेली असते, त्या क्षणी छायाचित्रकारांची दाटी होते, आणि अनित्यतेचा बोध हा कार्यक्रमाचा शेवटचा आकर्षक भाग होऊन बसतो. वाळूचा काही अंश पुड्यांतून प्रेक्षकांना वाटण्याचीही प्रथा पडलेली आहे. प्रसाद आणि स्मृतिचिन्ह यांतील रेषा तेथे पुसट होते. तरीसुद्धा एक गोष्ट या भिक्षूंच्या हिशेबी जमा धरली पाहिजे. संग्रहालय ही संस्थाच मुळी वस्तू राखण्यासाठी जन्माला आलेली. तिच्या घरात जाऊन, तिच्या डोळ्यांदेखत, त्यांनी आपली कृती झाडून नेली.

एवंच दोन्ही समाजांनी बाजाराशी आणि प्रदर्शनाशी तडजोड केली, परंतु प्रत्येकाने एक गोष्ट राखून ठेवली. नवाहोंनी टिकाऊपण दिले आणि पूर्णता राखली. तिबेटींनी पूर्णता दाखविली आणि टिकाऊपण नाकारले. पूर्ण आणि टिकाऊ असे दोन्ही मात्र कोणीच दिले नाही. विधीकला बाजारात गेली तरी तिचे सत्त्व शाबूत आहे की नाही हे ओळखण्याची मला दिसणारी खूण हीच. तिच्या वारसांनी काय विकले, यापेक्षा काय विकावयाचे नाकारले, हे पाहावे.

ही कसोटी बाजारातील इतर वस्तूंना लावून पाहण्याजोगी आहे. तिबेटी ‘गाणाऱ्या वाट्या’ म्हणून ज्या काशाच्या वाट्या विकल्या जातात, त्या हिमालयाच्या परिसरातल्या खऱ्या भांड्यांच्या जातीच्या आहेत आणि त्यांचा नाद मधुर असतो. पण तिबेटी पूजाविधीत घंटा, वज्र, डमरू, शंख यांना जे नियत स्थान आहे, तसे या वाट्यांना असल्याचा जुना आधार मिळत नाही. त्यांची कीर्ती पसरली ती १९७२ साली पाश्चात्त्य वादकांनी काढलेल्या एका ध्वनिमुद्रिकेनंतर. तेथे राखून ठेवण्यासारखे काही नसते, म्हणून सारेच विकता येते. उलट, कायद्याने तरी संरक्षण मिळते काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने आदिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि ते योग्यच झाले. पण कायदा ‘ही कोणी केली’ एवढेच विचारू शकतो. ‘ही करावयास हवी होती काय’ हे त्याला विचारता येत नाही.

आपल्या अधिक निकटचे उदाहरण वारली चित्रांचे. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्टीत लग्नाच्या वेळी सवाशिणी घरातील भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक काढतात, त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते, भगत देवांना बोलावतो, आणि त्या चौकावाचून लग्न लागत नाही. तो चौक कोणी मुद्दाम पुसत नाही. पण भिंत मातीची आणि रंग पिठाचा, तेव्हा पुढच्या सारवणाबरोबर तो आपोआप जातो. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराच्या खटपटीने हा हात कागदावर आला, आणि त्यातून जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) हे नाव पुढे आले. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली; १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रांवरील ग्रंथ १९८८ सालचा आहे.

मशे यांच्या उत्तम चित्रांत चौकाची पुनरुक्ती नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रे पाहावीत. बारीक पांढऱ्या रेषांचे जाळे सारा पृष्ठभाग व्यापते आणि त्यात मनुष्य एखाद्या तांदळाच्या दाण्याएवढा उरतो. हात चौकाचा आहे, पिठाची रेषा ओळखू येते. विषय मात्र रानाचा, पाण्याचा आणि श्रमाचा आहे. नवाहोंचा अपुरेपणा आणि तिबेटींचे विसर्जन यांहून हा तिसरा मार्ग होय. विधी भिंतीवर राहू द्यावा आणि हाताला नवे काम द्यावे. याच्या उलट, चहाच्या पेल्यांवर आणि उशांच्या अभ्ऱ्यांवर यंत्राने छापलेला देवीचौक पाहिला म्हणजे पूर्ण आणि टिकाऊ यांची युती किती निर्जीव असते ते कळते.

येथवर आपण दुसऱ्यांच्या घरचे पाहिले. देवळाशी ज्यांचे नाते आहे त्यांनी आता आपल्या गाभाऱ्याकडेही पाहावयास हवे. व्रतोद्यापनात आणि प्रतिष्ठाविधीत सर्वतोभद्र मंडल मांडावे लागते. एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेषा, त्यांतून सिद्ध होणारी ३२४ कोष्ठके, आणि ती रंगीत तांदळांनी भरण्याचा ठरलेला क्रम, ही मंडलविद्या तिबेटी भिक्षूंच्या विद्येची सख्खी बहीण आहे. आज हे मंडल कापडावर छापलेले मिळते. पाटावर ते अंथरले की पुरोहिताचा तासभर वाचतो; कार्य झाले की घडी घालून पिशवीत ठेवावयाचे, पुढच्या यजमानाकडे तेच. सभामंडपाच्या दारात तेलरंगाची कायमची रांगोळी असते. घराच्या उंबऱ्यावर ती चिकटचित्राच्या रूपाने येते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या घरांतून चैत्रगौरीपुढे चैत्रांगण काढण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यातील शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, कासव यांची नावे आणि जागा मुलींना कोणी पुस्तकातून शिकविल्या नाहीत. रोज पुसून रोज काढावे लागे, म्हणून त्या आल्या.

पुसण्याच्या या आग्रहाने विद्या बुडेल, असा आक्षेप येईल. क्लाचे उदाहरण पुढे करून तो मांडता येतो आणि तो पोकळ नाही. स्मरण हे मर्त्य मनुष्याच्या ठायी असते. शिष्य मिळाला नाही तर ते जाते. परंतु तिबेटींनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांनी मंडलाचे शास्त्र ग्रंथात लिहून ठेवले, त्याची प्रमाणे पाठ केली, आणि मंडल मात्र पुसले. देश सुटला तेव्हा रेखलेले मंडल कोणी बरोबर आणले नाही, आणणे शक्यही नव्हते. आणली ती रेखण्याची रीत. ग्रंथ राखावा, रीत राखावी, कृती सोडून द्यावी. आपल्याकडेही आराखड्यांची नोंद करणे, जुन्या जाणत्या स्त्रियांकडून आणि पुरोहितांकडून ते लिहून घेणे हे आवश्यक कार्य आहे. पण ती नोंद पाटावर अंथरण्यासाठी नसून शिकविण्यासाठी असावी.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. वारली चित्रकाराने आणि नवाहो कारागिराने विकू नये, असे सांगण्याचा अधिकार सुस्थितीत बसून लिहिणाऱ्याला नाही. वर सांगितलेल्या मर्यादा त्यांनी स्वतः आखलेल्या आहेत आणि त्या पाळूनही त्यांची चूल पेटू शकते. राहिलेले दायित्व घेणाऱ्याचे आहे. जे मुद्दाम अपुरे ठेवले आहे ते पुरे करून मागू नये. जे विकावयाचे नाही म्हणून सांगितले त्याला किंमत विचारू नये. आणि हस्तनिर्मित एवढ्यावर संतुष्ट न होता ही वस्तू कोणत्या कार्याची आणि ते कार्य झाल्यावर तिचे काय व्हावयाचे असते, हे विचारावे. विकणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तर वस्तू खरी असण्याचा संभव आहे. नसेल तर ती शोभेची समजून घ्यावी. देव्हाऱ्यात ठेवू नये.

देवालयांच्या महाजनांपुढे आणि व्यवस्थापकांपुढे म्हणून एवढेच मागणे आहे. पुढच्या प्रतिष्ठेला किंवा उद्यापनाला छापील कापड बाजूला ठेवावे, रंगीत तांदूळ मागवावेत, आणि मंडल भरण्यासाठी पुरोहिताशेजारी दोन लहान मुलांना बसवावे. रेषा वाकड्या जातील, एखादे कोष्ठक चुकेल, मुहूर्ताची घाई होईल. कार्य आटोपल्यावर ते तांदूळ त्याच मुलांच्या हातून गोळा करवून घ्यावेत. पुढच्या वर्षी त्यांना ते मंडल पुनः आठवावे लागेल, आणि आठवता येईल.